सॉरी म्हणायची पद्धत

३ फेब्रुवारी

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. खोली चांगली आहे. एका म्हाताऱ्या विधवा बाईंच्या घरात माडीवर. खाट, टेबल, भिंतीतलं कपाट आणि खिडकीखाली लोखंडी हीटर. तो रात्रभर कोणीतरी झोपेत दात खावेत तसा वाजतो. जन्मभर दुसऱ्यांच्या कवळ्या करणारीच्या नशिबी झोपेतसुद्धा दातच यायचे म्हणायचे!

लॅब तळघरात आहे. एक लांबलचक टेबल, त्यावर आम्ही सहाजण, प्रत्येकापुढे एक बर्नर आणि मेण कापायची सुरी. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या भुवयांवर प्लास्टरची पांढरी पूड बसते, मग सगळेच एका वयाचे दिसतात. काम तेच आहे. ठसा येतो, त्यावरून साचा, साच्यावर मेण, मेणात दात. हिरडी कुठल्याही देशाची असो, हिरडीच. हातांना इथे नवं काही शिकावं लागलं नाही, सगळं शिकणं जिभेच्या वाट्याला आलंय.

पहिल्याच सकाळी शेजारच्या उंच माणसाने (मी मनात त्याला खांब म्हणते) मला विचारलं, कशी आहेस. मला केवढं बरं वाटलं! मी त्याला सांगायला लागले की विमानात कानांत दडे बसलेत, झोप नाही, आणि निघताना मुलगी रडली नाही, नुसती बघत राहिली, त्याचंच जास्त लागलंय. वर बघते तर हा कोट अडकवून, बर्नर पेटवून कामाला लागलेला. पलीकडे एक वयस्क बाई बसते, तिला मी मावशी म्हणते, अर्थात मनातच. तिने मला हळूच सांगितलं की तो प्रश्न नसतो. पाय मोडलेला असला तरी फाइन, थँक यू म्हणायचं.

आमच्या मुख्य बाईंना सगळे नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते निघत नाही. मी एक्स्क्यूज मीवर भागवते.

सहा महिने प्रोबेशन आहे, म्हणजे पारख. जुलैअखेर कायम केलं की कुटुंबाला बोलावता येतं. हे गेले तेव्हा बिट्टी पाऊल टाकायला शिकत होती. तेव्हापासून तुम्ही आणि मी, दोघींनीच तिला उचललं. आता थोडेच दिवस तुमच्या एकटीच्या कडेवर. तब्येतीला जपा.

तुमची माया आहेच. तिच्यात खंड पडू देऊ नये.

आपली,
सून


२१ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. हीटर दात खातो हे बिट्टीने मला चारदा वाचायला लावलं आणि आता आपला जुना पंखाही दात खातो असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. दूध पिते, शाळेत जाते, रात्री तुझ्या जुन्या साडीवर झोपते. मी साडी धुवायला काढली तर घर डोक्यावर घेतलं.

त्या खांबाचा राग मानू नकोस. मी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. दिवसाकाठी शेकडो लोक मला हॅलो म्हणायचे, पण बाई, जेवलात का, असं एकानेही विचारलं नाही. म्हणून तर माझा फोनवर विश्वास नाही. फोनवर माणूस घाईत असतो आणि घाईत कोणी खरं बोलत नाही. तू आपली पत्रच लिहीत जा.

एक सांगते, पटलं तर घे. नव्या जागी आपण नमतं घ्यावं. चूक कोणाची का असेना, आधी आपण माफी मागून मोकळं व्हावं, समोरचा तिथेच विरघळतो. आमची सुपरवायझर म्हणजे जळता निखारा होती, पण माझ्यावर कधी आवाज चढवला नाही तो एवढ्यासाठीच. तुझा स्वभाव सरळ आहे. सरळ माणसाला नवी जागा जड जाते, म्हणून लिहिलं.

मला काही झालेलं नाही. डोळ्यांत जरा पाणी येतं, ते वयाचं.

आहे तो जिव्हाळा दिवसागणिक वाढो.

तुझी,
आई


६ एप्रिल

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी लॅबच्या जिन्यात वाचलं आणि एकटीच हसत बसले. मावशी बघून गेली, काही बोलली नाही. इथे कोणाला का हसतेस असं विचारणं बरं दिसत नाही. पगार, वय, नवरा, मूल यातलं काही विचारायचं नाही. मग दिवसभर बोलायचं काय, तर हवा. हवेवर हे लोक तासभर बोलू शकतात.

मागच्या आठवड्यात एक फजिती झाली. मुख्य बाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या, मी मेणात बसवलेले दात त्यांनी बघितले आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या की तुला कदाचित हे पुन्हा एकदा बघावंसं वाटेल. मी मनाला विचारलं, वाटतंय का? नाही वाटलं. म्हणून मी ते बाजूला ठेवून पुढचं काम घेतलं. दुपारी त्यांनी ते उचलून खांबाला दिलं. मावशी म्हणाली, अगं, इथे वाटेल म्हणजे हुकूम.

आणखी ऐका. आय अ‍ॅम अफ्रेड असं कोणी म्हणालं तर ते घाबरलेले नसतात, आपण घाबरायचं असतं. इंटरेस्टिंग म्हणजे चुकलंय. नॉट बॅड म्हणजे छान. क्वाइट गुड म्हणजे काय, ते मावशीलाही धड सांगता आलं नाही. मला शब्द येतात, आई. शाळेत इंग्रजीत मी पहिली यायचे. पण इथे शब्द एक बोलतो आणि माणूस दुसरंच सांगत असतो.

एक शब्द मात्र पक्का जमलाय. सॉरी. दारात दोघं समोरासमोर आले की दोघंही सॉरी. कोणी माझ्या पायावर पाय दिला तर मीच सॉरी. मावशी म्हणते, ती माफी नव्हेच, ते नुसतं वंगण, दिवस कुरकुरू नये म्हणून. तुम्ही लिहिलेलं आणि इथलं असं जुळलं बघा. दिवसातून शंभरदा म्हणते, आणि आता लोक माझ्याकडे बघून हसतात, चांगलं हसतात.

बिट्टीला गोड पापा. तिची उंची दाराच्या चौकटीवर खूण करून ठेवताय ना?

आपला आशीर्वादाचा हात असाच पाठीवर असू द्यावा.

आपली,
सून


२८ एप्रिल

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुझी ती हुकमाची गोड रीत मी घरात लागू केली. बिट्टीला म्हटलं, तुला कदाचित दूध प्यावंसं वाटेल. ती म्हणाली, नाही वाटत. तेव्हा आपल्याकडे जुनीच रीत बरी.

तिचा पहिला दात पडला. आधी रडली, मग म्हणाली की आईकडे दात बसवायची सोय आहे, हा तिला पाठवून दे आणि बसवून परत मागव. समजूत घालता घालता मला नाकी नऊ आले. आई कधी नेणार, हे रोज विचारते. मी सांगते, जुलै संपला की. तिला जुलै म्हणजे काय ते कळत नाही, पण पोरगी रोज शेजारणीला जुलै आला का विचारते.

डोळे तपासून घेतले. मोतीबिंदू आहे, पण कच्चा. तू काळजी करशील म्हणून लिहिणार नव्हते. फाइन, थँक यू.

मायेचा ओलावा असाच टिकव.

तुझी,
आई


१७ जून

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

मोतीबिंदू कच्चा असो की पिकला, मला खरं ते लिहीत जा. तुम्हीही फाइन म्हणायला लागलात तर मी कोणाला विचारू?

इथे परवा एक वाईट गोष्ट घडली. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा साचा होता. त्यांचे उरलेसुरले दात काढण्याआधी ठसा घेतलेला, म्हणजे त्यांच्या तोंडाची मूळ ठेवण त्या एका प्लास्टरमध्येच उरलेली. दात तर काढून झाले. साचा फळीच्या कडेला ठेवला होता. मी हातात ताटली घेऊन त्या बोळातून जात होते, तेवढ्यात खांब पाठमोराच मागे सरकला, त्याचं कोपर फळीला लागलं आणि साचा माझ्या पायाशी पडून त्याचा चुरा झाला. माझ्या तोंडून सॉरी, सॉरी, सॉरी निघालं आणि मी खाली बसून तुकडे गोळा करायला लागले. आवाज ऐकून मुख्य बाई आल्या. खांब मला म्हणाला, डोन्ट वरी. मनाने वाईट नाही तो. मुख्य बाईही नुसतं माझ्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. आपल्याकडे असतं तर अर्धा तास आरडाओरड झाली असती. इथली माणसं किती समजूतदार, असं वाटलं.

मला त्या गृहस्थांचंच वाईट वाटतं. आता त्यांचे दात अंदाजाने करायचे. अंदाजाचे दात कधी आपले वाटत नाहीत. काम माझ्याकडे दिलेलं नाही. मी मागितलं होतं, तर बघू म्हणाल्या.

जुलै आता जवळ आला. बिट्टीला सांगा.

कृपादृष्टी असावी, नेहमी असते तशी.

आपली,
सून


३० जुलै

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

आई, झालं!

काल मुख्य बाईंनी सांगितलं की दुपारी थोडा चॅट करू. चॅट म्हणजे गप्पा, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी बिस्किटांचा पुडा घेऊन गेले. आत बघते तर तिघंजण, समोर कागद आणि पाण्याचे ग्लास. मी पुडा टेबलावर ठेवला. कोणी फोडला नाही, पण सगळे हसले. मग मुख्य बाई बोलायला लागल्या. माझा हात किती स्वच्छ आहे, मी किती वक्तशीर आहे, सगळ्यांना मी किती आवडते. माझे डोळे भरून आले. मध्ये जरा भरभर आणि हळू आवाजात काही बोलल्या, त्यात साच्याचा उल्लेख आला. मी जबाबदारीने वागले म्हणून त्यांना कौतुक वाटलं, असं काहीसं. आणि शेवटी म्हणाल्या की आम्ही तुला एक्स्टेंड करतोय. वाढवतोय, आई! नोकरी वाढवली! मी तिघांचे हात हातात घेऊन थँक यू म्हटलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांनाही बरं वाटलं असावं.

आता तुम्ही पासपोर्टाचं बघा. बिट्टीचा फोटो काढताना तिला हसू देऊ नका म्हणे, तोंड मिटलेलं लागतं. दात पडलेला दिसणार नाही तेवढंच.

घरमालक केव्हाचे जागेसाठी मागे लागलेत, त्यांनाही सांगून टाका.

आता समोरासमोर बसून आशीर्वाद घेईन. तोवर पत्रातून मिळत राहावा.

आपली,
सून


१२ ऑगस्ट

चि. सूनबाईस,
अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद!

पत्र वाचून मी आधी देवापुढे बसले आणि मग कामाला लागले, ते आज टेकले.

घरमालक दुसऱ्याच दिवशी नवे भाडेकरू घेऊन आले. माणसं बरी आहेत, नवीन लग्न झालंय. त्यांना निकड होती, म्हणून मी पंधरवड्याऐवजी आठवड्यातच जागा मोकळी केली. उगाच कशाला कोणाला तिष्ठत ठेवायचं? कपाट शेजारणीला दिलं, पलंग शिंपीणबाईंच्या मुलीला, भांडी ज्याला लागतील त्याला. तुझ्या लग्नातला मोठा हंडा तेवढा ठेवलाय.

सध्या आम्ही ताईकडे, तुझ्या नणंदेकडे आहोत. तिचं घर दोन खोल्यांचं, त्यात तिची दोन मुलं, जावईबापू, आणि आता आम्ही. लेकीच्या घरी असं राहायला मला अवघड होतं, पण तिकिटं येईपर्यंतचाच प्रश्न. जावईबापू चांगले आहेत. संध्याकाळी बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसतात, मला मोकळं वाटावं म्हणून.

बिट्टीचं नाव शाळेतून काढलं. बाईंनी तिला वर्गापुढे उभं केलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिने प्रत्येक मुलाशी हात मिळवून सॉरी म्हटलं. तुझ्या पत्रात ऐकून ठेवलं होतं, निघताना तसं म्हणतात असं तिला वाटलं.

आता पत्रात काय लिहू? भेटीतच बोलू. हा लोभ असाच घेऊन ये विमानतळावर.

तुझी,
आई


१३ ऑगस्ट

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आधी पोचायला हवं. तार केली असती, पण तारेत काय लिहायचं तेच सुचेना. आई, घर सोडू नका. कोणाला काही सांगितलं असेल तर थांबवा.

तुमचे कागद कुठे द्यायचे हे विचारायला मी आज ऑफिसात गेले. तिथल्या मुलीने माझी फाइल काढली, वाचली, आणि आय अ‍ॅम अफ्रेड म्हणाली. नोकरी वाढवलेली नाही, प्रोबेशन वाढवलंय. आणखी सहा महिने. तोपर्यंत कोणाला बोलावता येत नाही. कारण तो साचा. माझ्या हातून फुटला, आणि मी लगेच कबूल केलं हे माझ्या बाजूने धरून त्यांनी काढून टाकलं नाही, असं तिने समजावलं. मी कधी कबूल केलं, असं विचारलं. ती म्हणाली, तीनदा.

मी तशीच मुख्य बाईंकडे गेले. पहिल्यांदा त्यांना नावाने हाक मारली. सांगितलं की साचा माझ्याकडून फुटला नाही. त्यांनी विचारलं, मग माफी का मागितलीस? मी म्हटलं, इथे सगळेच मागतात. दारात, जिन्यात, रस्त्यात. मग त्यांनी खांबाला बोलावलं.

तो खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याची पाठ होती, आई. कोपर लागल्याचं त्याला कळलंच नव्हतं. त्याने आवाज ऐकला, वळून बघितलं, तर मी खाली बसून सॉरी म्हणत होते. त्याच्या लेखी तेवढंच घडलं, आणि तेवढंच त्याने सांगितलं. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा इतका उतरला की मीच त्याला सॉरी म्हणणार होते. ओठ दाबून धरले.

मुख्य बाई म्हणाल्या की मी येऊन बोलले हे त्यांना फार आवडलं. निर्णय मात्र वरून झालाय, आता त्यांच्या हातात नाही. मला यापुढे वेळीच स्पष्ट बोलावंसं वाटेल कदाचित, असंही म्हणाल्या. यावेळी मला अर्थ कळला.

मी परत येऊ का? जुन्या लॅबमध्ये माझ्या जागी माणूस घेतलाय, पण काहीतरी बघेन. तुम्ही सांगाल तसं. मला आज काहीच ठरवता येत नाही. जिन्यात बसून लिहितेय, लोक शेजारून जाताना बाजूला होतात, सॉरी म्हणतात.

आपली,
सून


५ सप्टेंबर

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र माझ्या पत्राला वाटेत कुठेतरी ओलांडून आलं. उशीर झाला होता, पण त्यात तुझा काही दोष नाही.

मी जुन्या घरी जाऊन आले. विचारून तरी बघावं म्हणून. खिडकीला नवे पडदे लागलेत. भाडेकरूंची ती नवी सून दारात आली, मला आत बोलवून चहा दिला, आमच्याच स्वयंपाकघरात, पाहुण्यासारखा. चौकटीवरच्या बिट्टीच्या खुणांवर रंग मारून झालाय. मी काही विचारलं नाही, चहा घेतला आणि आले.

बिट्टीला सांगितलं. ती रडली नाही. जुलै तर आला होता ना, एवढंच म्हणाली. ताईने खटपट करून तिला इथल्या शाळेत घातलं, तिच्या मुलांबरोबर.

परत ये असं मला म्हणवत नाही, येऊ नकोस असंही म्हणवत नाही. कोणाला विचारावं तर घरात मोठी मीच. आलीस तर इथे टेकायला जागा नाही आणि हातात काम नाही. राहिलीस तर आणखी सहा महिने. नमतं घे म्हणून तुला लिहिलं ते मीच. रोज आठवतं.

आणखी एक लिहायचंय. चार दिवस लेखणी अडलीय. तू म्हणालीस खरं ते लिहीत जा, म्हणून लिहिते. ताईची मुलं दिवसभर तिला आई, आई म्हणून हाका मारतात. त्यांचं ऐकून बिट्टीही ताईला आई म्हणायला लागली. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा ताईच्या हातातलं ताट तसंच राहिलं. ती ओच देईना. बिट्टी पुन्हा पुन्हा हाका मारत राहिली, मग पदर ओढायला लागली. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की ही आत्या. मान हलवते आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. काल मी तिच्यावर ओरडले. ती कोपऱ्यात जाऊन बसली. ताई आत जाऊन रडली. मला काय करावं ते कळत नाही, पोरी. ताई विचारते, मी ओ देऊ की नको?

माझे डोळे आता कमी दिसतात, अक्षर वेडंवाकडं आलं असेल तर समजून घे. लोभ कमी झालाय असं मात्र समजू नकोस.

तुझी,
आई


२४ सप्टेंबर

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोन दिवस उत्तर लिहवेना.

मी इथेच राहते. जानेवारीअखेर पुन्हा पारख आहे. त्या म्हाताऱ्या गृहस्थांचे दात अखेर माझ्याकडे आले. त्यांच्या बायकोने लग्नातला फोटो पाठवलाय, त्यावरून करतेय. फोटोत ते तोंड मिटून उभे आहेत.

नमतं घे म्हणून तुम्ही लिहिलंत, ते मनाला लावून घेऊ नका. तुम्ही नसतं लिहिलं तरी माझ्या तोंडून तोच शब्द निघाला असता. डोळ्यांचं ऑपरेशन आता लांबवू नका. जावईबापूंना माझा नमस्कार सांगा आणि ओट्यावर थंडीत बसू नका म्हणावं.

बिट्टीला रागावू नका, आई. घरातली मुलं जिला आई म्हणतात तिला तीही म्हणणारच. कोपऱ्यात बसवू नका. चुकतेस असंही सांगू नका.

आणि ताईंना माझा निरोप द्या. तिने हाक मारली की ओ द्या म्हणावं. पहिल्या हाकेलाच द्या.

सगळ्यांचा लोभ तिच्यावर असावा, एवढीच विनंती.

आपली,
सून